उद्या घालतेय

माझे वडील साताऱ्याच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांच्या अर्जात माणूस नुसता 'तो' म्हणून कधी येत नसे. नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला, एवढं सगळं झाल्यावर मगच त्याला क्रियापद मिळायचं. "कर्ता गाळला की आरोपी सुटतो," असं ते म्हणायचे. घरातही तीच शिस्त. मी "सांडलं" म्हणत स्वयंपाकघरातून बाहेर आले, की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कोणी, काय, कुठे सांडलं?" मग मी हात मागे घेऊन सांगायचे, "मी दूध ओट्यावर सांडलं." ओरडा बसायचा तो बसायचाच, पण वाक्य पूर्ण झाल्याचं समाधान दोघांनाही मिळायचं.

अशा घरातली मुलगी मराठीची शिक्षिका झाली नसती तरच नवल. लग्न होऊन मी पेणला आले आणि थोड्याच दिवसांत रोह्याच्या एका शाळेत मला नोकरी लागली. आठवी-नववीचं मराठी. 'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा' या सूचनेवर माझी इतकी श्रद्धा, की पोरांनी 'कारण पाऊस आला' असं लिहिलं की माझा लाल पेन आपोआप उचलला जातो. अध्याहृत शब्द म्हणजे काय, तेही मी फळ्यावर लिहून देते: वाक्यात नसलेला, पण अर्थात हजर असलेला शब्द. 'बसा' म्हटलं की त्यात 'तुम्ही' अध्याहृत. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना येतो, म्हणून मुलं तो पाठ करतात. मीही तो तेवढ्यापुरताच पाठ केला होता, हे कळायला मला पेणमधला एक उन्हाळा लागला.

नवरा मूळचा पेणचाच. नागोठण्याजवळ कंपनीत नोकरी, शिफ्टची. स्वभावाने साधा, पण बोलताना कर्म गाळून टाकण्याची सवय अशी, की मला पहिले काही महिने त्याच्याशी संसार करतेय की कोडी सोडवतेय, हेच कळत नव्हतं.

"आण गो जरा."

"काय आणू?"

"ते."

"ते म्हणजे?"

"अगं, ते. तिथलं."

तो हातसुद्धा कुठे दाखवायचा नाही. मी घरभर फिरून पाण्याची बाटली, टॉवेल, चार्जर असं एकेक आणून त्याच्यासमोर मांडायचे. शेवटी तो स्वतः उठून कात्री घेऊन यायचा आणि म्हणायचा, "हे म्हणत होतो." त्याची आई असती तर तिने पहिल्या फेरीत कात्री आणली असती, असं तो एकदा म्हणाला. सासूबाई आमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी गेल्या. मी त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलं आहे, तेव्हा त्या कात्री कशी ओळखायच्या हे मला विचारता आलं नाही.

आमची आळीही नवऱ्याच्याच वळणावर गेलेली. कोपऱ्यावर गणपतीचा कारखाना आहे. दारात पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती रांगेत वाळत असतात आणि आतून आवाज येतात, "केले?" "दोन राहिले." "मग कर ना." पाच वर्षांत त्या कारखान्यातून 'गणपती' हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. कारखान्याला लागून खालांचं घर; खाला म्हणजे मावशी, सगळी आळी त्यांना तेच म्हणते. त्यांचे दोन्ही मुलगे कुवेतला. त्या रोज संध्याकाळी फोन कानाला लावून "मिळालं? खाल्लं? झोप मग," एवढं बोलून ठेवून देतात.

आणि आमच्या अगदी दारासमोर काकू. साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. माहेर खाडीकडचं, मिठागरातलं. मी सकाळी पर्स सावरत निघाले की त्या ओट्यावरून विचारायच्या, "निघालीस गो?"

मी म्हणायचे, "हो काकू, मी रोह्याच्या गाडीने शाळेत निघाले आहे."

"एवढं सगळं?" म्हणून त्या हसायच्या. संध्याकाळी वाटीभर कोलंबीचं कालवण घेऊन यायच्या, "घे" म्हणायच्या आणि वळायच्या. आई-वडील साताऱ्याला, नवरा शिफ्टला. त्या 'निघालीस गो'वर माझी सकाळ उभी होती म्हटलं तरी चालेल. नव्या गावात कुणीतरी आपल्याला 'गो' म्हणतंय, याचं सुख परगावाहून आलेल्या सुनेलाच कळेल.

ते सुख मी माझ्या हाताने घालवलं. पहिल्याच उन्हाळ्यात.

एप्रिल महिना. शाळा सकाळची झाली होती. एका संध्याकाळी काकू आमच्या दारात आल्या. एरवी त्या थेट आत यायच्या, त्या दिवशी उंबऱ्यात थांबल्या. चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या घालतेय गो."

"काय घालताय?"

"पापड."

"पोह्याचे?"

"मग कसले?"

"अरे वा, छान," मी म्हटलं. "सध्या ऊनही चांगलं आहे."

काकूंनी माझ्या खांद्यावरून आत, घराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय. ऊन हाय." आणि गेल्या.

मी ही बातमी पूर्ण वाक्यात नवऱ्याला दिली, "समोरच्या काकू उद्या पोह्याचे पापड घालणार आहेत." त्याला रात्रीची शिफ्ट होती. तो "बरं" म्हणाला आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून परत आले, तर काकूंच्या ओट्यावर खाला आणि आणखी दोघीजणी खाली माना घालून लाटत होत्या. समोर पिठाचा हा ढीग. मी फाटकातून चक्क हात हलवला. "मस्त चाललंय!" असं म्हणाले, घरात गेले, पंखा लावला आणि झोपले. हे आठवलं की आजही मला माझ्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

त्या दिवसानंतर काकूंची भाषा एकदम सुधारली.

"मॅडम, तुम्ही आज शाळेत निघालात का?"

कर्ता, कालवाचक, स्थळवाचक, क्रियापद. आदरार्थी बहुवचनासकट. मी तर खूश. स्टाफरूममध्ये सांगितलंसुद्धा, की संगतीचा परिणाम होतो, आमच्या समोरच्या काकू आता पूर्ण वाक्यात बोलायला लागल्या आहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठवडाभरात खालाही मला 'मॅडम' म्हणू लागल्या. कालवणाची वाटी बंद झाली. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी अत्यंत शुद्ध मराठीत विचारायचं, "तुमच्याकडे आज पाणी आलं आहे का?"

तेव्हा कुठे मला काहीतरी बिघडल्याचा संशय आला.

शाळेतल्या शिपाई मावशी निडीच्या. परतीच्या गाडीला आम्ही रोह्याहून बरोबर निघायचो आणि पुढच्याच स्टेशनाला त्या उतरायच्या. म्हणजे मावशींशी बोलायला जेमतेम एक स्टेशन मिळायचं. त्यात खिडकी मिळवणं, पिशवी वर टाकणं आणि पदराने वारा घेणं यात अर्धा वेळ जायचा. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "रागावल्यात त्या तुमच्यावर. तुम्ही गेलात नाय."

"कुठे गेले नाही?"

गाडी निडीला लागली. मावशी पिशवी उचलून उतरल्या.

पुढचं कळायला दुसऱ्या दिवशीची गाडी उजाडावी लागली. "'घालतेय' म्हणजे ये," मावशी म्हणाल्या. "पोळपाट-लाटणं घेऊन ये. आमच्यात कोण 'ये' म्हणत नाय. घालतेय म्हटलं की बाया येतात. एकीच्या घरचे झाले की दुसरीच्या. एकटीनं कुठे होतात पापड?"

"मग सरळ 'ये' म्हणायला काय झालं होतं?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की नववीतल्या सगळ्यात ढ मुलाकडे मी तसं कधी पाहिलं नसेन. आणि निडी आलं.

घरी येऊन मी नवऱ्याला धारेवर धरलं. तुला माहीत होतं का? तर म्हणे होतं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "मला वाटलं, तुला माहीत असेल." एवढं मोठं वाक्य तो महिन्याभरात पहिल्यांदा बोलला होता, म्हणून मी सोडून दिलं.

चूक झाली की माफी मागावी, ही आमच्या घरची रीत. संध्याकाळी मी काकूंच्या ओट्यावर गेले आणि म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी पापड लाटायला आले नाही, याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मला तुमची पद्धत माहीत नव्हती."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून अगदी गोड आवाजात सांगितलं, "अहो, त्यात काय मॅडम? तुम्हाला शाळेचं काम असतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तीन वाक्यं. तिन्ही पूर्ण. दार आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं.

मग मी ठरवलं, की आपणच पापड घालायचे आणि सगळ्यांना बोलवायचं. पापडामुळे बिघडलंय ना, पापडानेच नीट करू. पेणमध्येच रामवाडीला जाऊन चांगले जाड पोहे घेतले आणि दळून आणले. आळीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगितलं, "येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी आमच्याकडे पोह्याचे पापड घालणार आहे. तुम्ही लाटायला याल का?" कुणाच्या मनात शंका नको, म्हणून रात्री फोनवर मेसेजही पाठवला. वार, वेळ, ठिकाण. खाली 'कृपया' लिहून हात जोडलेले. वडिलांनी पाहिला असता तर त्यांना भरून आलं असतं.

सगळ्या जणी म्हणाल्या, "बघू."

रविवारी पहाटे उठून मिरचीचं पाणी उकळलं, त्यात हिंग आणि पापडखार घातला, पीठ भिजवलं. नवरा रात्रपाळी करून आला होता, त्याच्या हातात मुसळ दिलं. तो उभ्या उभ्या झोपत पीठ कुटत होता. आठ वाजले. साडेआठ वाजले. मी ओटीवर पाच पोळपाट मांडून ठेवले होते, त्यातले तीन शेजारच्या आळीतून मागून आणलेले. नऊला खालांचं दार उघडलं. त्या बाहेर आल्या, दाराशी पाणी शिंपडलं आणि आत गेल्या. समोर काकूंच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या.

मग आम्ही दोघंच लाटायला बसलो. पापडाचं पीठ कुणासाठी थांबत नाही. वाळायला लागलं की लाटण्याखाली ते चिरतं, कडा फाटतात. नवऱ्याचा एकही पापड गोल झाला नाही. प्रत्येकाला कुठे ना कुठे खाडी शिरलेली. त्यातल्या एकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हा बघ, रायगड जिल्हा. हे इथे रोहा." मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. पापडासाठी कोण रडतं? पण त्या पाच पोळपाटांकडे बघवत नव्हतं. या आळीत मी आयुष्यभर 'मॅडम' राहणार, घरासमोरच्या माणसांशी आयुष्यभर शुद्ध बोलणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि ते सहन होत नव्हतं. नवऱ्याने पिठाचे हात पँटला पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले. निम्मं पीठ वाया गेलं.

सोमवारी गाडीत बसल्या बसल्या मावशींनी विचारलं, "झाले?"

"कुणी आलं नाही."

"तुम्ही विचारलंत काय?"

"मग? विचारल्याशिवाय कळणार कसं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" माझा आवाज चढला होता. समोरची बाई आमच्याकडे बघायला लागली.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "विचारलं की माणसाला 'नाय' म्हणायची सोय होते. आणि विचारून आणलेली बाय म्हणजे कामाला बोलावलेली बाय. आपल्या माणसाला कोण विचारतं? तुम्ही तुमच्या आईला विचारता, 'तू मला भाकर वाढशील काय?' 'घालतेय' म्हणायचं नि घरी जायचं. जिला यायचं ती येते. नाय आली तर तिनं 'नाय' म्हटलेलं नसतं, आपण 'ये' म्हटलेलं नसतं. दोघींची अब्रू जागच्या जागी."

 शाळेत लागल्यापासून मी हा धडा शिकवत होते. गाळलेला शब्द म्हणजे बोलणाऱ्याचा आळस, असं माझं प्रामाणिक मत होतं. तो कुणी दुसऱ्याची अब्रू राखायला मुद्दाम गाळत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण वडिलांची मुलगी मी, उलटतपासणी सोडवेना.

"बरं, कुणी बोलावलंच नव्हतं, तर मी गेले नाही म्हणून काकू इतक्या रागावल्या कशा? हात कमी पडले म्हणून?"

मावशी विचारात पडल्या. "एवढ्यासाठी एवढं नाय रागावत कोणी. काहीतरी..."

निडी आलं.

त्याचं उत्तर मला खालांनी दिलं. रविवारच्या फजितीनंतर दोन-तीन दिवसांनी त्या माझा डबा परत द्यायला आल्या. डबा केव्हाचा त्यांच्याकडे पडून होता, म्हणजे डबा हे निमित्त. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "ही नि समोरची, दोघी एकाच साली लग्न होऊन आल्या या आळीत. दर उन्हाळ्यात आधी हिचे पापड, मग तिचे. समोरची संध्याकाळी या दारात यायची, घालतेय म्हणायची. तीस वर्षं."

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

"ही गेली, नि तिनं या दारात यायचं सोडलं. सांगणार कोणाला? आम्हाला तिकडून हाक मारून सांगायची, पण हा उंबरा नाय चढली. तीन उन्हाळे. यंदा चढली. मी बघत होते ना कोपऱ्यावरून." खालांनी पेला खाली ठेवला. "हाताला हात कमी पडला म्हणून नाय रागावली ती, पोरी."

त्या गेल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले. काकूंनी चौकटीवर जिथे हात ठेवला होता ती जागा माझ्या खांद्याच्या वर होती, काकू उंच म्हणून. तीन वर्षांनी एक बाई मोठ्या हिमतीने इथवर आली होती, तिच्या मैत्रिणीच्या दारात, मैत्रिणीच्या सुनेला तेच दोन शब्द सांगायला. आणि मी तिला सांगितलं होतं, की ऊन चांगलं आहे. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पुन्हा जाऊन माफी मागावी, तर माफीचं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. माझ्याकडे फक्त पूर्ण वाक्यं होती, आणि ती इथे पालथ्या घड्यावरचं पाणी.

मे महिना संपत आला. पावसाच्या आत बायकांची शेवटची गडबड सुरू झाली. एका शुक्रवारी मी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होते. काकू ओट्यावर आल्या, आळीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या खालांना मोठ्याने म्हणाल्या, "रविवारी घालतेय गं." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी हातात ओला शर्ट घेऊन उभी. त्या आत गेल्या.

शनिवारचा अख्खा दिवस मी स्वतःशी भांडण्यात घालवला. मला सांगितलेलं नव्हतं, खालांना सांगितलं होतं. न बोलावता गेलं आणि तोंडावर कुणी "मॅडम, तुम्ही कशाला आलात?" असं विचारलं तर? पण मग वाक्य पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं, वडील कागद उलगडायचे तसं. रविवारी घालतेय. त्यात 'खाला' नव्हतं. 'तू' नव्हतं. 'ये' तर नव्हतंच. बोलावलेलं कुणालाच नव्हतं, म्हणजे न बोलावलेलंही कुणी नव्हतं. ज्या रिकाम्या जागेमुळे मी एप्रिलमध्ये बाहेर राहिले होते, तीच जागा अजून रिकामी होती.

हे सगळं मी नवऱ्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. तो जेवत होता.

"जा," तो म्हणाला.

"पण कुठल्या नात्याने जाऊ? त्यांनी मला..."

"जा गो."

रविवारी सकाळी मी पोळपाट काखेत घेतला, पोळ्यांचंच लाटणं हातात घेतलं आणि रस्ता ओलांडला. दहा पावलांचा रस्ता. तोंडात वाक्य तयार होतं: काकू, मी तुम्हाला मदत करायला आले आहे, चालेल ना? ओट्याची पायरी चढताना ते वाक्य मी गिळलं. शिक्षकाला न बोलणं किती जड जातं, हे शिक्षकच जाणे.

काकू दोऱ्याने लाट्या कापत होत्या. खाला आणि आणखी तिघी लाटत होत्या. मला बघून बोलणं थांबलं. कुणी "या" म्हणालं नाही. मी दाराजवळ भिंतीला टेकून बसले, पोळपाट समोर ठेवला, त्याला तेलाचं बोट लावलं. बोलणं पुन्हा सुरू झालं, कुणाच्या तरी पनवेलच्या जावयाबद्दल. लाट्यांचं ताट एकीकडून दुसरीकडे फिरत होतं. माझ्यापर्यंत येत नव्हतं. मी पोळपाटाला पुन्हा तेल लावलं. मग लाटण्याला लावलं. पनवेलच्या जावयाची नोकरी गेली, दुसरी लागली, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले, तरी मी तेलच लावत होते. पळून जावं असं तीनदा वाटलं.

मग माझ्या गुडघ्याला ताटाची कड लागली. ताट भरलेलं होतं. कुणी सरकवलं ते मी पाहिलं नाही, बघायची हिंमत नव्हती. एक लाटी उचलली आणि लाटायला लागले.

पाच-सहा झाले असतील. काकू वाळत घालायचे पापड गोळा करत माझ्यापाशी आल्या. माझा एक उचलला, उन्हात धरला. खालांच्या पापडातून त्यांची बोटं आरपार दिसली होती. माझ्यातून काही दिसेना.

"जाड," काकू म्हणाल्या.

दीड-दोन महिने त्या माझ्याशी कर्ता-कर्म-क्रियापद सांभाळून बोलत होत्या. या बोलण्यात 'मॅडम' नव्हतं, 'तुमचा' नव्हतं, 'पापड'सुद्धा नव्हता. माझे कान गरम झाले आणि डोळे भरून आले. मी लाटण्यावर जोर दिला आणि पुढचा आणखी पातळ लाटायच्या नादात फाडून ठेवला.

काकूंनी तो फाटलेलाही उचलला. दोन्ही हातात तोलले. निघाल्या होत्या त्या थांबल्या.

"तिचे पण जाडच व्हायचे," त्या म्हणाल्या. कुणाकडे बघून नाही. "तीस वर्षं सांगितलं. नाय सुधारली."

खालांचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. काकू पापड घेऊन उन्हात गेल्या. पसरलेल्या जुन्या साडीवर त्यांनी ते दोन्ही ठेवले, इतरांच्या रांगेत, आणि बराच वेळ वाकून त्यांच्या कडा सरळ करत राहिल्या. मी मान वर केली नाही. माझ्या ताटात अजून बऱ्याच लाट्या होत्या.